दादाच्या टिप्परचा कूलर

दादा ट्रकवरून पडला तेव्हा ट्रक उभा होता. धानाच्या पोत्यांवर ताडपत्री ओढून बांधत होता, दोरी हातातच तुटली आणि तो उलटा खाली आला. रायपूर, कटक, हैदराबाद, कुठे कुठे गाड्या नेल्या त्याने, कधी कोणाच्या सायकललाही धक्का लावला नाही. आणि उभ्या गाडीवरून पडून त्याचा डावा गुडघा गेला. नागपूरला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, जखम भरली. पण गुडघा अर्ध्याच्या पुढे वाकेना आणि त्या पायात जोर म्हणून राहिला नाही.

ट्रकचा क्लच किती जड असतो ते चालवणाऱ्यालाच माहीत. चालता-फिरता झाल्यावर दादा एकदा मालकाच्या गाडीत चढून बसला. मी खाली दाराजवळ उभा होतो. त्याने पाय क्लचवर ठेवला, दाबला, पाय थरथरायला लागला आणि अर्ध्यावरून परत आला. मग त्याने दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून वरून भार दिला. क्लच दबला, पण आता स्टिअरिंग धरायला हात नव्हते.

"चाल, घरी चाल," म्हणाला आणि उतरला.

आमचं गाव लाखनीपासून जवळच. वडील लवकर वारले तेव्हा दादा शाळा सोडून ट्रकवर क्लीनर लागला, म्हणून मला आयटीआय करता आलं. लाखनीत हायवेच्या कडेला माझं गॅरेज उभं राहिलं तेही त्याच्या ओळखींवर. त्याच्या ओळखीचे ड्रायव्हर गाड्या घेऊन यायचे, म्हणायचे, तुह्या भावानं पाठवलं. घरची थोडी धानाची शेती होती, पण पाणी साचलेल्या बांधीतल्या चिखलात त्याचा तो पाय रुतला की निघायचाच नाही. रोपांची रोवणी वहिनी बाया लावून करून घ्यायची. दादा घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवायला उठवलं की उठायचा, परत पडायचा. घराजवळून एखादी भरलेली गाडी गेली की डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायचा.

असं बरेच दिवस चाललं. मग कोणीतरी त्याला सांगितलं की बपेऱ्याच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीत, एका ठेकेदाराकडे कोळशाच्या खदानीतून निघालेला एक जुना टिप्पर विकायला आहे, आणि तो ऑटोमॅटिक आहे. दादाने मला फोन केला. त्याचा आवाज इतका मोठा मी कितीतरी दिवसांनी ऐकला होता.

"मोटरसायकल काढ. आत्ताच जाऊ."

टिप्पर धुळीने माखलेला, पत्रा ठिकठिकाणी गंजलेला. दादा हातांनी अंग ओढत वर चढला. आत खाली पाहिलं. दोनच पेडल. ब्रेक आणि रेस. त्याने गाडी चालू केली आणि त्या ठेकेदाराच्या अंगणात एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. ठेकेदार कंटाळून बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसला. दादाने माझ्याजवळ येऊन ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"याले डावा पायच नाही लागत बे!"

मी त्याला तिथेच सांगितलं, इंजिन ठीक आहे, पण असला गिअरबॉक्स मी कधी उघडलेला नाही. आत काय आहे ते मला माहीत नाही.

"चालून राहिला ना?" तो म्हणाला. "मंग झालं."

दादाने टिप्पर घेतला आणि हिवाळाभर तो चालला. रस्त्याच्या कामांवर गिट्टी टाकायचं काम मिळालं. दादा सकाळी आंघोळ करून, केसांना तेल लावून निघायचा. वहिनी डबा द्यायची. कधी लाखनीवरून जाताना तो माझ्या गॅरेजसमोर हॉर्न वाजवायचा, थांबायचा नाही, नुसता हात दाखवायचा. त्या काही महिन्यांत आम्ही त्याच्या पायाविषयी बोललोच नाही.

चैत्र लागला आणि ऊन तापलं. भंडाऱ्याचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. भरलेल्या गाडीत गिअरबॉक्सचा लाल दिवा लागायला लागला. दिवा लागला की दादा झाडाखाली गाडी उभी करायचा, थंड झाली की पुढे निघायचा. आधी हे कधीतरी व्हायचं. पुढे प्रत्येक खेपेला व्हायला लागलं. शेवटी तो टिप्पर माझ्याकडे घेऊन आला.

मी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. या तेलाचा रंग लाल असायला पाहिजे. ते डांबरासारखं काळं होतं आणि करपल्याचा वास येत होता. दोन बोटांत चोळलं तर कचकच लागली. मी नागपूरच्या एका मिस्त्रीला फोन लावला, तो ऑटोमॅटिकचंच काम करतो. दादा बाजूला होता म्हणून स्पीकर सुरू केला. लपवायचं काय होतं?

मिस्त्री म्हणाला, "आतल्या प्लेटा जळल्या. थे कचकच त्याचीच हाय. या बॉक्सचं सामान येनं बंद झालं. भंगारात एखांदा बॉक्स भेटला त भेटला, पन थो बी असाच राहीन."

"बाहेरून कूलर लावला तर?" मी विचारलं.

"कूलर चांगला बॉक्स वाचवते भाऊ. जळल्यावर काय वाचवन?"

मी फोन ठेवला. दादा टायरला टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"कूलर लाव," तो म्हणाला.

"दादा, आयकलं ना तू?"

"आयकलं. लाव."

कूलर मी नागपूरवरून आणला. मोठ्या लोडर मशीनला बसतो तसला, नवाकोरा, चपट्या नळ्यांचा आणि बारीक पत्तीच्या जाळीचा. गिअरबॉक्समधून गरम तेल एका पाइपने त्यात यायचं, वाऱ्याने थंड व्हायचं आणि दुसऱ्या पाइपने परत आत जायचं. कामात अवघड काही नव्हतं. रेडिएटरच्या पुढे जागा मोजून मी अँगल कापले, वेल्डिंग केलं, खाली रबराचे तुकडे दिले, म्हणजे गाडीच्या हादऱ्याने जाळी फुटणार नाही. जुनं तेल पिंपात सोडलं तेव्हा पूर्ण गॅरेजमध्ये तो वास पसरला. तळाशी काळा गाळ बसला होता. दादाने तो काडीने हलवून पाहिला आणि पिंप झाकून बाजूला सरकवला.

दादाला हे काम स्वतःच्या हाताने करायचं होतं. मी नको म्हटलं तरी तो गाडीखाली सरकला. डावा पाय पुरता वाकत नसल्यामुळे सरळ बाहेर राहिला, चप्पल निघून पडली. आतून तो पाना मागायचा, मी द्यायचो. एका जागी पाइप चेसिसच्या धारेला घासत होता, ते माझ्या नजरेतून सुटलं असतं. त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मागितला, पाइपभोवती गुंडाळला, तारेने आवळला, हलवून पाहिला, सोडून पुन्हा आवळला. इतकं मन लावून काम करताना मी त्याला अपघातानंतर कधी पाहिलं नव्हतं. आणि मला सारखं वाटत होतं की हे सगळं आपण मेलेल्या माणसाला औषध पाजतो तसं करतो आहोत.

वहिनी दुपारी बसने जेवण घेऊन आली. दादा हौदावर हात धुवायला गेला तेव्हा तिने हळूच विचारलं.

"भाऊजी, खरं सांगा. चालन का हे?"

"नाही चालणार, वहिनी. थोडे दिवस चाललं तर चाललं."

"यायले सांगतलं?"

"सांगितलं. मिस्त्रीनं पण सांगितलं."

"मंग कायले लावून राहिले?"

तिने डब्याचं झाकण काढलं, भाताच्या वाफेकडे पाहत राहिली.

"लावा," ती म्हणाली. "तेवढे दिवस तरी थे भिताकडं तोंड करून नाही झोपनार."

नवीन तेल भरलं, गाडी चालू केली, पाइपांची सगळी तोंडं तपासली. कुठे थेंब नाही. गाडी सुरू ठेवून पट्टी पाहिली, कमी झालं तेवढं तेल पुन्हा टाकलं. मी डॅशबोर्डवर तापमानाचा एक काटाही बसवला होता, दिव्यापेक्षा त्याच्यावर जास्त कळतं म्हणून. आम्ही साकोलीच्या दिशेने एक चक्कर मारून आलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. काटा अर्ध्याच्याही खाली राहिला. दादा रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त पाहत होता.

"पाह्य! काटा पाह्य, कसा थंडा हाय!"

पुढचे काही आठवडे तो दिवा लागला नाही. दादा पुन्हा गॅरेजसमोर हॉर्न वाजवायला लागला. एकदा तर थांबला, मला ओढून चहाच्या टपरीवर घेऊन गेला आणि तिथल्या ड्रायव्हरांना कूलर दाखवायला टिप्परपर्यंत नेलं. "माह्या भावानं लावला," सांगत होता. मीही माझ्या मनाला सांगायला लागलो होतो की मिस्त्रीचं चुकत असेल. नवीन तेल पडलं आहे, गरमी होत नाही, पावसाळ्यात गिट्टीची खदान बंद राहील, गाडीला आराम मिळेल. कदाचित निघेल एखादं वर्ष.

पावसाच्या आधीच ते संपलं. दादाचा फोन आला, मागे हॉर्नचा कल्लोळ होता.

"पुलाच्या चढावर हावो. गाडी ओढत नाही."

मी पोचलो तेव्हा टिप्पर गिट्टीने भरलेला, चढाच्या मध्यावर आडवातिडवा उभा. गाडी चढता चढता दमली होती, इंजिन नुसतं ओरडत होतं आणि चाकं फिरत नव्हती. मग ती मागे यायला लागली. दादाने ब्रेक धरून कशीबशी थांबवली होती. मागच्या चाकांखाली कोणीतरी दगड लावले होते. दादाला पटकन उतरता येत नव्हतं, तो तसाच ब्रेकवर पाय ठेवून बसला होता, आणि मागच्या गाडीतून उतरलेला एक माणूस खिडकीखाली उभा राहून त्याला शिव्या देत होता.

"पिऊन चालवतो काय बे? उतर खाली!"

मी त्या माणसाला बाजूला केलं, केबिनमध्ये चढलो. दादाचा शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटला होता. उजवा पाय ब्रेकवर दाबलेलाच होता. मी हँडब्रेक पुन्हा ओढून पाहिला, त्याला म्हटलं, सोड आता, दगड लावले आहेत. तो पाय काढेना. मी वाकून हाताने त्याचा पाय ब्रेकवरून उचलला.

मग त्याने डॅशबोर्डकडे बोट केलं. काटा अर्ध्याच्या खालीच होता.

"थंडा हाय ना रे?" तो म्हणाला. "तुहा कूलर चांगला लागला."

मला रडू आलं. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

गिट्टी दुसऱ्या गाडीत भरली, टिप्पर ओढून गॅरेजच्या मागे आणून लावला. त्या नागपूरच्या मिस्त्रीने भंगारातला एक बॉक्स शोधला, मी जाऊन पाहिला. त्याचं तेलही तसंच काळं होतं. मी न घेता परत आलो. पावसाळ्यात टिप्परच्या चाकांभोवती गवत वाढलं. दिवाळीनंतर भंगारवाले गॅसकटर घेऊन आले. दादाला कळवलं होतं, तो आला नाही. कूलर मी आधीच काढून ठेवला होता. तो अजून गॅरेजच्या फळीवर आहे, इथे कोणत्याच गाडीला तो बसत नाही.

त्यानंतर एका राइस मिलच्या वजनकाट्यावर मी दादाला काम लावून दिलं. बसून करायचं काम. गाड्या यायच्या, काट्यावर चढायच्या, उतरायच्या. ड्रायव्हर ओळखीचे, ते विचारायचे, काय दादा, काहून इथं? महिनाभरात त्याने ते सोडलं.

आता गुडघा सुजतो. डॉक्टर म्हणतात आतली सळई हलली आहे, परत ऑपरेशन करावं लागेल. दादा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मागच्या रविवारी गेलो तेव्हा तो अंगणात खाटेवर होता. वहिनी सुपात तांदूळ पाखडत होती. मी त्याला सांगितलं की आता छोट्या मालगाड्या बॅटरीवर चालणाऱ्या निघाल्या आहेत, त्यांना क्लच नसतोच, आणि नवीनच गाडी पाहू या, जुनं काही नको.

"राहू दे बाबू," तो म्हणाला. "आता माह्यासाठी काई पाहू नको."

वहिनीचं सूप क्षणभर थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाखडायला लागली. मी चहा पिऊन संध्याकाळच्या आत लाखनीला परत आलो.