इरफानभाईंना ते शून्य मान्य नव्हतं

बातमी आली ती जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर. मी दुपारचा डबा उघडत होते. 'आपले लाडके इरफानभाई आपल्यात राहिले नाहीत...' खाली जोडलेल्या हातांची रांग. मग आमच्या तेव्हाच्या सरांचा मेसेज आला, 'कंपनीचा आधारस्तंभ कोसळला.' ज्या माणसाला यांनी एका संध्याकाळी टेबल रिकामं करायला लावलं, तो हार्ट अटॅकनं गेल्यावर आधारस्तंभ झाला! मी डबा तसाच बंद केला. रोशन गेटजवळच्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. मातीला ऑफिसमधलं कोण आलं होतं, असं मी त्यांच्या भावाला विचारलं. "कुणीच नाही," तो म्हणाला.

पुंडलिकनगरात दोन फ्लॅट जोडून आमचं ऑफिस होतं. संस्थांना, दुकानांना लागतील ती सॉफ्टवेअरं इरफानभाई लिहायचे, मी तपासायचे. माणूस सोपा नव्हता. सरांच्या विनोदांना हसायचा नाही, एखाद्या जास्तीच्या टिंबावरून माझ्याशी अर्धा दिवस अबोला धरायचा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन यायचा. कामाचं मूळ त्यांनीच मला समजावलं. फॉर्मच्या रकान्यात आपण 72 लिहितो, पण मशीनला तो आकडा वाटत नाही. नावागावासारखी ती दोन चिन्हंच असतात. त्या चिन्हांचा पूर्णांक करून दिला, की मशीन बेरीज करू लागतं, कोण पुढं कोण मागं ते ठरवतं. हे काम एका ओळीत होतं. पण माणसं सरळ लिहीत नाहीत. कुणी पुढं 'टक्के' जोडतं, कुणी अक्षरात 'बहात्तर' लिहितं. "अशा वेळी काय करायचं?" मी विचारलं होतं. "परत विचारायचं, ताई. आपल्या मनानं काही धरायचं नाही."

मग ते नर्सिंगच्या शिष्यवृत्तीचं काम आलं. गावाकडच्या मुलींनी मोबाइलवरून अर्ज भरायचे, बारावीचे मार्क टाकायचे, आणि त्यावरून यादी लागायची. शिक्षण, वसतिगृह, सगळं मोफत. काम दाखवायच्या दिवशी संस्थेच्या विश्वस्तांनी हौसेनं स्वतःच मार्क भरून पाहिले, तेही मराठी आकड्यांत. आमच्या मशीनला फक्त इंग्रजी आकडे वाचता येत होते; पडद्यावर लाल अक्षरं उमटली, 'हा आकडा समजला नाही, कृपया पुन्हा लिहा.' विश्वस्त हसले. आमचे सर मात्र पाहुणे गेल्यावर भडकले.

"गिऱ्हाइकासमोर नाक कापलंत. नाही वाचता आलं तर शून्य धरा आणि पुढं जाऊ द्या."

"सर, दोन दिवस द्या, मराठी आकडे वाचायला लावतो त्याला. पण शून्य नका धरू. शून्य म्हणजे 'समजलं नाही' असं होत नाही. शून्य म्हणजे पोरीला शून्य मार्क पडले."

"मराठीत आकडे लिहितंय कोण आता?"

इरफानभाईंनी परत विचारायची ती ओळ बदलायला नकार दिला. सरांनी दुसऱ्याकडून बदलून घेतली. पाच मिनिटांचं काम.

यादी लागली. निवड न झालेल्यांची नावं मी सहज चाळत होते, तर शेवटी एकामागून एक शून्यं. मी इरफानभाईंना हाक मारली. "बारावी पास झालेल्या पोरीला शून्य कसे?" एवढंच ते म्हणाले आणि अर्ज उघडत गेले. प्रत्येकीनं मार्क मराठीत लिहिले होते. त्यातल्या कितीतरी मुली यादीत अगदी वर यायला हव्या होत्या. सर म्हणाले, "लागलेली यादी आता कोण उकरणार? गप्प बसा." इरफानभाई गप्प बसले नाहीत. सरळ संस्थेत गेले आणि घडलं ते सांगितलं. विश्वस्तांनी चहा पाजला, जागा भरल्या म्हणाले, पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि इरफानभाई जिना उतरायच्या आत सरांना फोन लावला. त्याच संध्याकाळी त्यांची नोकरी गेली. मीही तिथं फार थांबले नाही.

त्या मुलींपैकी एकीला तरी आपण समक्ष जाऊन सांगायचं, हे त्यांच्या मनानं घेतलं. सगळ्यात जास्त मार्क असलेली मनीषा कन्नडजवळच्या एका गावातली. एसटीनं कन्नड, पुढं जीप. मी सोबत गेले. मनीषा आता कन्नडला साडीच्या दुकानात कामाला जायची; त्या दिवशी सुट्टी होती. आईनं पाणी दिलं. इरफानभाईंनी सगळं नीट समजावलं.

आई मटकन खाली बसली. "आम्ही हिलाच लई बोललो हो... म्हणलं, तुझाच अभ्यास कमी पडला."

मनीषानं विचारलं, "मंग आता घेतील का मला?"

"नाही, बेटा."

"मंग सांगायला कामून आलात?"

इरफानभाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि चपला घातल्या. आम्ही संध्याकाळच्या एसटीनं परतलो.

पुढं त्यांना धड नोकरी मिळाली नाही. 'हा गिऱ्हाइकाकडं जाऊन बोलतो' हे शहरभर पोचलं होतं. दुकानदारांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत राहिले. साखर वाढली, बोलणं कमी झालं. माझा फोन उचलायचे, पण स्वतःहून कधी करायचे नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांच्या बायकोला, नजमाभाभींना भेटायला गेले. माडीवरच्या इरफानभाईंच्या खोलीत आता शिलाई मशीन आलंय. मॉनिटर खिडकीखाली ठेवलाय आणि त्यावर परकराचं कापड घडी करून टाकलंय. भाभी कामं घेतात; घर चालायला हवं. चहा देता देता म्हणाल्या, "कन्नडहून आले त्या दिवशी जेवले नाहीत. मग रोज असंच. अर्धी भाकरी ताटात टाकून उठायचे. मी विचारलं की म्हणायचे, काही नाही. काय झालं होतं तिथं, वर्षाताई?"

मी सांगितलं. मनीषाचं शेवटचं वाक्यही सांगितलं. भाभींनी सुईत दोरा ओवायला घेतला, तो काही जाईना.

"खरंच तर बोलले ना ते? मग पोरीनं असं का म्हणावं?"

"तिचं बरोबर होतं, भाभी."

"आणि यांचं?"

"त्यांचंही."

त्यांनी दोरा ओला करून पुन्हा धरला, ओवला, आणि मशीन सुरू केलं. मी चहा संपवून उठले.