मुलाखतीचे भाषांतर

उमेदवार नागपूरजवळच्या खाप्याची होती, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नोकरी नागपुरातच हवी, पुण्याला पाठवणार नाही, असे घरच्यांनी तिला बजावले होते. तिच्या शिक्षणाला साजेशी जागा देणारी मोठी कंपनी शहरात आमचीच.

मुलाखत मी घेत होते. कोड लिहिताना उमेदवाराने विचार मोठ्याने बोलून दाखवायचा, असा आमच्याकडे नियम आहे. सगळे रेकॉर्ड होते. पंधरा मिनिटे ती इंग्रजीत अर्धी-अर्धी वाक्ये बोलली आणि थांबली.

"मॅडम, मले समजून राहिलं. पण सांगताच नाही येऊन राहिलं."

"मराठीत बोला," मी म्हणाले.

मग ती सलग बोलली. कोडमध्ये एकच चूक राहिली होती. ती तिने दुरुस्त केली. मी 'घ्यावे' असा शेरा दिला.

दोन दिवसांनी निवड समितीचा फोन-कॉल ठरला. बंगळुरूचे तिघे, नागपुरातून मी एकटी. रेकॉर्डिंगमधले मराठी त्यांच्यापैकी कोणालाच कळत नव्हते. मुलाखत घेणाऱ्याने उत्तर सुचवले असेल, ही त्यांची शंका.

कॅन्टीनमध्ये शेजारच्या टीमचा सहकारी म्हणाला, "काहून वं, भाची लागते का तुही?" टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले.

कॉलवर समितीच्या अध्यक्षांनी रेकॉर्डिंग लावले. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबवत आणि मी इंग्रजीत अर्थ सांगत असे. एकतिसाव्या मिनिटाला माझा आवाज आला: "घाई नका करू. यादी रिकामी आली तर काय होईल?"

रेकॉर्डिंग थांबले. पहिले वाक्य धीर देणारे होते. दुसऱ्यात तिची चूक नेमकी कुठे आहे ते होते. बोलले तेव्हा माझ्या ते लक्षात आले नव्हते. आता समितीला 'घाई नका करू, पुन्हा पाहा,' एवढाच अर्थ सांगितला असता तरी कोणी पडताळू शकले नसते.

मी दोन्ही वाक्यांचा अर्थ जसाच्या तसा सांगितला.

"तिने मदत मागितली होती?" अध्यक्षांनी विचारले.

"नाही."

"मग तुम्ही का दिली?"

मुलाखत रद्द झाली. दुसरी गुरुवारी, इंग्रजीत, बंगळुरूहून. रद्द होण्याचे कारण उमेदवाराला कळवायचे नाही, असेही ठरले.

शुक्रवारी अहवाल आला. कोड पूर्ण आणि बरोबर. उमेदवार बहुतेक वेळ गप्प. शिफारस नाही.

अहवालाखाली पहिल्या मुलाखतकाराने 'वाचले' अशी नोंद करायची असते. मी दिवसभर केली नाही. सहा वाजता स्मरणपत्राचा मेल आला, तेव्हा केली.