मास्तरणीची हजेरी

पहाटे चारला माझ्या मेहुणीचा दिवस सुरू व्हायचा. पाचला ती रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरसमोर उभी असायची. रोलरमधून आलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, ताणायची, घडी घालायची. ताण कमी पडला की सुरकुती राहते आणि चादर परत येते. मी उभा जन्म विटा रचल्या, पण त्या रोलरसमोर माझा अर्धा दिवसही निघाला नसता.

जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकायची. बरोबरच्या बायकांनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. कुठल्या वॉर्डाच्या किती चादरी आल्या नि किती परत गेल्या, एवढं सांगणारा एक छोटा प्रोग्राम तिने केला. तो चालायचा, पण दोघींनी एकदम आकडा भरला की एकीचा गायब. ते काही केल्या सुटेना. खांदा कुरकुरू लागला होता. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी बायको, रोज म्हणायची, "झोप घे गं जरा. आरशात तोंड बघ."

शेवटी ती म्हणाली, "ताई, सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद आहे. एक दिवस जाऊन बघते. डोक्यात काही शिरलं तर ठीक, नाहीतर शिकणं बंद. मग तू म्हणशील तेवढी झोपेन."

सुट्टीच्या दिवशी ती गेली. रात्री आमच्याकडे जेवायला आली तेव्हा सगळं सांगितलं.

दारातून आत गेल्यावर पांढरा फळा होता. त्यावर दोन रकाने, नाव आणि विषय. लोक येता-जाता लिहीत होते. कामावर पोहोचलं की आधी हजेरी लावायची, ही सवय तिच्या हाडात मुरलेली. तिने नाव लिहिलं. विषय म्हणजे आपलं काम असावं, म्हणून पुढे लिहिलं, चादरींच्या घड्या.

आत तीन दालनांत एकाच वेळी तीन भाषणं चाललेली. ती एका ठिकाणी बसली, तर माणसं मध्येच उठून जात होती.

"इथला मुकादम कोण?" तिने शेजारच्याला विचारलं.

"कोणी नाही हो. कंटाळा आला की उठायचं."

तिला ते पटेना. चालू भाषणातून उठणं म्हणजे चालू रोलर सोडून जाणं. ती बसून राहिली. पडद्यावर चौकोन, चौकोनांतून बाण. टाळ्या कशाला पडतात तेही कळेना. चहाच्या वेळी एकाने विचारलं, "तुम्ही कशावर काम करता?"

"रोलरवर."

"हां हां, ऐकलंय त्याच्याबद्दल," तो म्हणाला.

दुपारपर्यंत तिचं ठरलं, शिकणं बंद. पिशवी उचलली, आणि माइकवरून तिचंच नाव पुकारलं. "पाच मिनिटं. विषय, चादरींच्या घड्या."

ज्यांना मंचावर बोलायचंय त्यांच्यासाठी तो फळा होता.

"अगं, चूक झाली म्हणून सांगायचं ना!" बायको ओरडली.

"तेच सांगायला वर गेले. सगळे हसले. मग वेळ उरला म्हणून चादरींचं सांगितलं. आकडा कसा गायब होतो तेही. म्हटलं, काय करू?"

"मग?" मी विचारलं.

"एक दाढीवाला म्हणाला, सोप्पं आहे, एकीचं भरून होईपर्यंत दुसरीला कुलूप. एक बाई म्हणाली, कुलूप लावलंत तर सगळंच अडकेल. तिसऱ्याने दोघांना वेड्यात काढून आपलं तिसरंच सांगितलं. वेळ संपला तरी बाहेर जाऊन भांडत होते, भावोजी! दाढीवाला वर हसून सांगतो, मॅडम, यातच मी मागे महिनाभर अडकलो होतो."

"म्हणजे उत्तर नाहीच मिळालं."

"तीन मिळाली. खरं कुठलं, देव जाणे."

"मग शिकणं बंद ना?" बायको म्हणाली.

मेहुणी ताटात बोट फिरवत बसली. "मला वाटायचं, मलाच कळत नाही. तिथे कुणालाच नीट कळत नाही आणि तरी सगळे मजेत. ताई, मला अजून काहीच कळलेलं नाही गं. पण तिन्ही करून बघते."

दाढीवाल्याचं चाललं नाही. त्या बाईचं चाललं, तेही अर्धवट. तिसऱ्याचं करून बघणं अजून चालू आहे.

त्या महिन्याच्या पगारातून तिने लिहायला-वाचायला टेबल घेतलं. जिन्याच्या वळणावर ते अडकलं, तेव्हा त्याचे पाय सोडवून न्यावं लागलं. वरची बाजू माझ्याकडे, खालची, जड बाजू तिने धरली होती. मी बदलू म्हटलं, ऐकलं नाही.