‘काहीच नाही’ची वही

बस आगाराच्या मागच्या बाजूला, टायरांच्या कोठारावरच्या माडीवर एक खोली होती. खोलीत एक टेबल, दीड खुर्ची (दुसरीची पाठ मोडलेली) आणि कोपऱ्यात लोखंडी मांडणीवर बसवलेलं एक यंत्र. शहरातल्या एकशे चाळीस थांब्यांवरच्या पाट्या दर अर्ध्या मिनिटाला या यंत्राला विचारायच्या, पुढची बस कधी? यंत्र उत्तर द्यायचं. लोकांच्या फोनवरूनही तोच प्रश्न यायचा. या सगळ्या विचारपुशीला कागदोपत्री ‘वेब सेवा’ म्हणत. ती जागती ठेवणं हे त्या खोलीतल्या बाईंचं काम. आगारात तोंडावर त्यांना सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे फौजदारबाई.

हे नाव उगाच पडलं नव्हतं. कुठे काही बंद पडलं की ताई तीन प्रश्न विचारत, नेहमी त्याच क्रमाने. काय दिसतंय? कुठून बघताय? काल काय बदललंत? पहिल्या दोन प्रश्नांना माणूस बऱ्यापैकी खरं बोलतो, असा त्यांचा अनुभव होता. तिसऱ्याला मात्र थोरामोठ्यांपासून सगळ्यांचं उत्तर एकच यायचं, “काहीच नाही.”

सहा वर्षांपूर्वी ताईंनी या उत्तरासाठी एक वही घातली. दोनशे पानी, रेघांची. चार रकाने: तारीख, कोण, काय म्हणाले, खरं काय निघालं. तिसऱ्या रकान्यात पहिल्या पानापासून ‘वरीलप्रमाणे’च्या खुणाच होत्या, कारण दरवेळी तेच ते कोण लिहीत बसणार. खरी मजा चौथ्या रकान्यात होती. आगारप्रमुख साहेबांनी ‘तो हिरवा दिवा फार लुकलुकतो’ म्हणून सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या भिंतीवरच्या जोडपेटीवर पुठ्ठ्याचं खोकं घातलं होतं, आणि पेटी आत उकडून गेली होती. खालच्या कोठारातल्या भांडारवाल्या काकांनी वायर आखूड पडते म्हणून मध्ये दुसऱ्याच वायरीचा तुकडा जोडून वर पट्टी गुंडाळली होती. काकांच्या नावावर वहीत एकूण नऊ नोंदी होत्या, आणि ते प्रत्येक नोंदीच्या वेळी म्हणत, “लिहा, लिहा. आमचेही दिवस येतील.”

वहीतून घरही सुटलं नव्हतं. ताईंचे यजमान शाळेत भूमिती शिकवत. एके सकाळी चहा बेचव लागला म्हणून ताईंनी त्यांना तिसरा प्रश्न विचारला. ते म्हणाले, काहीच नाही. तपासात निघालं की साखरेच्या डब्यात त्यांनी लहान चमचा टाकला होता, बायकोची साखर कमी व्हावी म्हणून. चौथ्या पानावर नोंद आहे.

तर अशा या ताईंच्या खोलीवर गंडांतर आलं. मुख्य कचेरीतून पत्र आलं की सोमवारी अकरा वाजता तपासणी अधिकारी येतील, सेवेची पाहणी करतील आणि ती आगारातच ठेवायची की बाहेरच्या कंपनीला द्यायची ते ठरवतील. खाली एक ओळ होती: खोली रिकामी झाल्यास टायरांसाठी वापरावी. आणि ताईंनी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसावं. त्या खिडकीवर तीनशे बेवारशी छत्र्या होत्या आणि एक कवळी. ताईंनी ते पत्र तीनदा वाचलं आणि यजमानांना एवढंच सांगितलं, की छत्र्यांशी आपलं वैर नाही, पण त्यांना काही विचारता येत नाही.

सोमवारी त्या आठलाच आल्या. यंत्रावरची धूळ पुसली, खिडकीच्या काचा पुसल्या, मोडकी खुर्ची भिंतीला टेकवून शहाणी दिसेल अशी ठेवली. मग नऊ वीसला यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं. पाहुणे यायच्या आधी माणूस तोंड धुतो, तसं. सेवा सुरू झाली. त्यांनी तिथेच बसून तिला विचारलं, पहिल्या थांब्यावरची पुढची बस कधी? उत्तर आलं, सात मिनिटांत. छान.

साडेनऊला साहेब जिना चढून आले, ते धापा टाकतच. आगाराबाहेरच्या थांब्यावरची पाटी कोरी होती. म्हणजे अगदी कोरी नव्हती, तिच्यावर दोन शब्द होते: ‘जोडणी नाकारली’. पलीकडच्या थांब्यावरही तेच. साहेबांच्या फोनवर तेच, त्यांच्या टेबलावरच्या संगणकावरही तेच.

“काय दिसतंय ते कळलं,” ताई म्हणाल्या. “इथे तर चालतंय. हे बघा, सात मिनिटांत.”

साहेबांनी बघितलं. खरंच, सात मिनिटांत. त्यांनी हातातल्या फोनकडे बघितलं. नाकारली.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण ताईंनीच हे आगारातल्या प्रत्येकाला कधी ना कधी शिकवलं होतं. आपण कुणाच्या घरी गेलो, कडी वाजवत राहिलो आणि आतून ओ आलीच नाही, तर आपण त्या घराशी पोचलो की नाही इथूनच शंका घ्यावी. पण आतून कुणी म्हणालं, “नाहीत घरी, जा,” तर घर नक्की सापडलं आहे. तेव्हा रस्ता तपासत बसू नये, घरात बघावं. पाटीवर ‘नाकारली’ आलं होतं. म्हणजे घरात बघायची वेळ होती. पण दीड तासावर तपासणी आलेली असली की शिकवलेलं आठवत नाही, शिकवलेलं दुसऱ्यांसाठी असतं.

ताईंनी घराकडे पाठ केली आणि रस्त्यावर उतरल्या. पहिला संशय फाटकमास्तरांवर. हे गृहस्थ मुख्य कचेरीत बसत. बाहेरून आत कुणी यावं आणि कुणी येऊ नये, याचे नियम यंत्रात घालायचं काम त्यांचं, म्हणून हे नाव. सहा वर्षांत ताईंनी त्यांना कधी बघितलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचा होता, सर्दी झाल्यासारखा. ताईंनी फोन लावून विचारलं, काल काय बदललंत? ते म्हणाले, काहीच नाही. मग जरा थांबून म्हणाले, “ताई, वहीत लिहिणार नसाल तर सांगतो. एक नियम घातला शनिवारी. पण तो छपाईयंत्रांचा आहे, तुमचा नाही.” आणि वर अदबीने पुस्ती जोडली, की पाटीवर नकार आलाय ना, मग तुम्हीच सांगता तसं, दारापर्यंत पोचलंय. ताईंनी त्यांना सांगितलं की नकार फाटकावरूनही देता येतो, मला शिकवू नका.

मग त्या खाली कोठारात गेल्या. काकांनी त्यांना येताना बघूनच हात वर केले. नंतर त्यांचं मन खाऊ लागलं असावं, कारण त्यांनी आपणहून कबूल केलं की पाणी तापवायची किटली त्यांनी वरच्या यंत्राच्या वीजजोडावर लावली होती, गेले चार महिने. ताईंनी किटली काढली. पाट्या तशाच. इतक्यात साहेबही आले आणि म्हणाले, माझं काही नाही हो, फक्त जोडपेटीवरचं खोकं परत घातलंय, पण या खेपेला भोकं पाडून. ताईंनी खोकं काढलं. पाट्या तशाच. कबुलीजबाब धो धो येत होते, आणि त्यातला एकही कामाचा नव्हता. साहेबांच्या संगणकावर आगाराच्या आतूनही नकारच येत होता, म्हणजे फाटकाचा संबंधच नव्हता, पण साहेबांचा संगणक कायम रुसलेलाच असतो असं धरून ताईंनी ती साक्षही बाद केली.

अकराच्या ठोक्याला तपासणी अधिकारी आल्या. पन्नाशीच्या, चपटी पर्स, आवाज अगदी हळू. साहेबांनी त्यांना चांगली खुर्ची दिली. मोडकीवर कुणी बसलं नाही. फाटकमास्तर फोनवर होते आणि ताईंनी फोन टेबलावर, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. साहेब सांगू लागले की आमच्याकडे सगळं ठीक आहे, मुख्य कचेरीच्या फाटकाचा काही घोळ दिसतो. काका दारात उभे होते, बोलावलं नसताना.

अधिकारीबाईंनी ऐकून घेतलं आणि ताईंकडे वळून विचारलं, “काय दिसतंय?”

“जोडणी नाकारली.”

“कुठून बघताय?”

“पाट्यांवरून नकार. इथून, या यंत्रावरून, चालतंय.”

“काल काय बदललंत?”

“काहीच नाही,” ताई म्हणाल्या.

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि ताईंना तो ऐकू आला. तो सूर त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. दोनशे पानांत दुसरं काही नव्हतं. दारात काकांनी भुवई उंचावली.

ताई वळल्या आणि यंत्रातली सेवेच्या मांडणीची, म्हणजे तिने कसं चालायचं ते लिहिलेली फाईल उघडली. काल रविवार होता, पण आजच्या तयारीसाठी त्या संध्याकाळी तासभर येऊन गेल्या होत्या. उशिरा येणाऱ्या बसला पाटी ‘लवकरच’ म्हणते, ते बदलून खरी मिनिटं दाखवावीत असं त्यांच्या मनात होतं. अर्धवट काम बाहेर कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी फाईलमधला, सेवा ज्यावर प्रश्न ऐकते तो पत्ता बदलून एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक असा केला होता. हा पत्ता प्रत्येक यंत्राकडे असतो आणि प्रत्येकाचा तोच असतो, कारण त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. या पत्त्यावर बसलेली सेवा फक्त स्वतःच्या घरातल्यांना ओ देते, बाहेरच्याला नाही. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. पडद्यांना निळं कापड घ्यावं की राखाडी. चाळीस मिनिटं. निळं ठरलं, आणि ताई घरी गेल्या. फाईल तशीच राहिली. सेवा मांडणी वाचते ती फक्त सुरू होताना. रात्रभर जुन्याच पत्त्यावर चाललेली सेवा आज सकाळी पाहुण्यांसाठी तोंड धुऊन उठली, आणि नव्या पत्त्यावर बसली. दार आतून लावून.

एक ओळ. ताईंनी ती दुरुस्त केली आणि सेवा पुन्हा सुरू करायचा हुकूम दिला.

नेमक्या त्याच क्षणी टेबलावरून सर्दी झालेला आवाज आला, “ताई, मी शनिवारचा नियम काढून टाकलाय. बघा बरं आता.”

खिडकीतून समोरचा थांबा दिसत होता. पाटी एकदा मिटली आणि उजळली. चार मिनिटांत. मग पुढची, अकरा मिनिटांत. थांब्यावरच्या दोन बायका पाटीकडे बघून बाकावर बसल्या.

साहेबांनी टाळीच वाजवली. “बघा मॅडम. फाटकाचाच घोळ.”

“माफ करा,” फोन म्हणाला. “छपाईयंत्रांच्या नियमाने असं कसं झालं कळत नाही. पण माझ्याकडून झालं असणार.”

अधिकारीबाईंनी पर्समधून कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. खोलीत कुणाचीच काही तक्रार नव्हती. सेवा चालू होती, खोली वाचत होती, दोष शहराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आणि कधी न दिसलेल्या माणसाने आपणहून अंगावर घेतला होता. ताईंनी फक्त गप्प बसायचं होतं. त्या साधारण तीन श्वास गप्प बसल्या. त्यात त्यांना तीनशे छत्र्या दिसल्या, आणि ती कवळी.

“त्यांचं नाही,” त्या म्हणाल्या. “मी बदललं. काल संध्याकाळी, पत्ता.” आणि मग सगळं सांगितलं, नणंदेच्या पडद्यांसकट.

साहेब छताकडे बघू लागले. फोनमधून फाटकमास्तर म्हणाले, “म्हणजे माझा नियम मी परत घालू?”

“घाला,” ताई म्हणाल्या.

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं की तुमच्या प्रश्नांसारखीच मुख्य कचेरीत जिची चर्चा आहे, ती वही कुठाय. ताईंनी दिली. बाई वाचू लागल्या. खोक्याच्या पानावर त्यांनी एकदा साहेबांकडे बघितलं. साखरेच्या पानावर त्यांचे खांदे हलले. वीस मिनिटं गेली, खाली कुणीतरी टायर गडगडत नेत होतं.

शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं, आणि साहेबांनी फार मान वाकडी करून बघितलं म्हणून वाचूनही दाखवलं. “सेवा एक तास पन्नास मिनिटं बंद. कारण सापडलं. ज्याच्याकडून घडलं त्यानेच ते सांगितलं. अठरा वर्षांच्या तपासणीत असं प्रथमच.” पुढे ओळ होती: सेवा आणि खोली आहे तिथेच ठेवावी, टायरांची सोय अन्यत्र बघावी. उठताना त्या ताईंना हळूच म्हणाल्या की पुढच्या वेळी अर्धवट काम दुसऱ्या यंत्रावर करा, आणि नणंदेकडे निळंच चांगलं दिसेल.

त्या जिना उतरल्या आणि मग काका आत आले. त्यांनी मोडकी खुर्ची ओढली, जपून बसले, वही पुढ्यात घेतली आणि हात पुढे केला. ताईंनी पेन दिलं. साहेब म्हणाले, मी वरिष्ठ आहे, मी लिहितो. काका म्हणाले, तुमची एक नोंद, माझ्या नऊ. फोन अजून चालूच होता, त्यातून आवाज आला की माझं नाव विनाकारण आलं, तेव्हा खरा हक्क माझा, मला निदान वाचून दाखवा.

काकांनी तीन रकाने सोडून थेट चौथ्यात मोठ्या अक्षरात सुरुवात केली: ‘काखेत कळसा...’

“आधी तारीख,” ताई म्हणाल्या.