टीप देणाऱ्याने केलेली तारीफ

नोकरीतले कितीतरी तपास आता एकमेकांत मिसळून गेलेत, पण कुवेतमधला तो शुक्रवार मात्र लख्ख आठवतो. निवृत्तीनंतर मी खैतानला लेकीकडे राहायला आलो होतो. दुपारी जावई शेजारच्या एका माणसाला दंडाला धरूनच घरी घेऊन आले. माणूस रत्नागिरीकडचा, किनाऱ्यावरच्या गावचा. मागोमाग त्याची बायको.

"बाबा, हा चुलतभावाला मारायला निघालाय!"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी टीव्ही बंद केला आणि त्याला समोर बसवलं. वर्दी उतरवल्यापासून इतकं ताजंतवानं कधी वाटलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. एका शाळेत त्याला बस सुपरवायझरची नोकरी मिळत होती. जुना इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला होता. ही नोकरी गेली तर बायको-पोरांसकट गाव गाठायचं. अर्जावर त्याने 'कधीही केस नाही' असं लिहिलं होतं आणि शाळेला कुणीतरी अनोळखी नंबरवरून उलट कळवलं होतं. एचआरने तो मेसेज त्यालाच पाठवून दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी खुलासा मागितला होता.

"केस होती?"

"नाय साहेब."

इतक्या झटकन नाही म्हणणारा माणूस उत्तर घोटून आलेला असतो. मी पुढे काहीच विचारलं नाही, नुसता बघत राहिलो. ठाण्यात हा उपाय दंडुक्यापेक्षा भारी चालतो. चहा निवायच्या आत तो बोलू लागला. विशीत असताना जेट्टीवर मारामारी झाली, त्याने वल्ह्याने एकाचं डोकं फोडलं. कोर्टात गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटांनी दोषी ठरवलं, पण शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. बाँडची मुदतही सरळ पार पडली.

"घरचं सोडलं तर हे इथं फकस्त चुलतभावाला म्हायत. आज त्याला सोडत नाय!" तो उठलाच.

"बस खाली! इथे हात उचललास तर थेट विमानात बसवतील."

मग मी मेसेज वाचला. 'इस आदमी पर इंडिया में केस हुआ था। आदमी अच्छा है, बुलाकर पूछ लीजिए।'

अंगावर काटा आला! आयुष्यात टीप देणारे खूप पाहिले, पण ज्याला अडकवायचं त्याचीच तारीफ करणारा एकही भेटला नव्हता. हा शत्रू नव्हे. मी बायकोकडे वळलो.

"बेटी, हा नंबर कुणाचा?"

"माझाच, काका. नवीन सिम घेतला." तिने मान खाली घातली नाही. "दर टायमाला इकामा रिन्यू करताना ह्यांना ताप येतो. दारावर कोण आला की हे आत जाऊन बसतात. पोरं विचारतात, 'डॅडी, व्हाय?' म्हटलं, गावी जायला लागलं तरी चालंल, पण एकदाचं होऊन जाऊ दे."

"मला सांगायचं नाय?"

"सांगितलं असतं तर पाठवू दिला असता?"

मग मी त्याला नीट समजावलं. आपल्याकडे अशा केसचा कागद पुसला जात नाही, तपासणीत तो निघू शकतो. पण अशा बाँडवर सुटलेल्याला, पुढे तो सरळ वागला तर, त्या दोषामुळे अपात्र धरू नये असं कायदाच सांगतो. तेव्हा लपवायचं नाही, हुकुमाची नक्कल पुढे ठेवायची. गावाकडच्या सख्ख्या भावाने तालुक्याच्या कोर्टातून ती मिळवून पाठवली, अरबी तर्जुमा झाला आणि ठरल्या रविवारी तो स्वतःहून सगळं बोलला. कुवेती मॅनेजरने एवढंच विचारलं, अर्जात खोटं का लिहिलंस? "घाबरलो होतो," तो म्हणाला.

नोकरी पक्की झाल्याचा फोन आला तेव्हा मी सोफ्यावरून उडीच मारली. लेक धावत आली, तिला वाटलं बाबांना काही झालं!

बाँडवर सुटलेली पोरं मीही खूप पाहिली. आम्ही फाईल बंद करायचो आणि पुढच्या केसला लागायचो. सुटण्याचा नेमका अर्थ त्यांना कुणी समजावून सांगतो का, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. कोर्टाने न दिलेली शिक्षा हा माणूस परदेशात, स्वतःच्या घरात भोगत होता, आणि त्याला सोडवायला शेवटी बायकोलाच त्याची टीप द्यावी लागली.