सड्यावर उतरलेलं विमान

आबामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला कबुतरखान्यापाशी भाजीवालीशी हुज्जत घालत होते. मामाचा मुलगा सुनील गावाहून बोलत होता. “ताई, बाबा गेले... झोपेतच. दुपारचं विमान मिळतंय का बघ.” खरं सांगते, मला आधी रागच आला. अख्ख्या चाळीला विमानतळावर पोचवायला जाणारा माणूस, आणि स्वतः निघाला तो कुणाला काही न सांगता! भाजी तिथेच टाकली, घरी येऊन चार कपडे पिशवीत कोंबले आणि टॅक्सीत बसले. रडायला सुरुवात झाली ती माहीमच्या पुढे.

मामा लालबागला चाळीत राहायचा. आजोबा गिरणीत होते, पण मामा त्या वाटेला गेला नाही. तो विमानतळावर लागला, विमानात सामान चढवणाऱ्यांत. आधी सांताक्रूझला, मग परदेशची विमानं सहारला गेली तेव्हा तिकडे. मुंबईच्या विमानतळांची हकिकत तो घरातल्या माणसांची सांगावी तशी सांगायचा. जुहू म्हणजे म्हातारे आजोबा, आता अंगणात बसून असतात. सांताक्रूझ घरातला कर्ता. आणि सहार हा शिकून दुबईला गेलेला थोरला, त्याच्या अंगाला कायम अत्तराचा वास. आम्हा भाच्यांना तो गॅलरीचं तिकीट काढून विमानं दाखवायला न्यायचा. आम्ही विमानं बघायचो आणि तो खाली सामानाच्या गाड्या बघत बसायचा. “बघ, कशी फेकतंत मेले... कोणाच्या तरी आवशीन बांधून दिल्यान हा ता,” असं पुटपुटायचा, जणू प्रत्येक बॅग कुणाच्या तरी आईनंच भरलेली.

गिरण्या बंद पडल्या आणि लालबाग-परळची माणसं आखातात जायला लागली, तेव्हा मामाचा भाव वधारला. कोणीही जायचा ठरला की आदल्या संध्याकाळी त्याची बॅग मामापुढे उघडायची. मामा एकेक वस्तू बाहेर काढायचा. लोणच्याची बरणी बाहेर, कोकमाचं आगळ बाहेर आणि नारळ तर हमखास बाहेर. घरच्या बायका चिडायच्या, पण मामा हलायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून माणसं सहारला. एक जाणारा आणि तीसेक पोचवणारे, हार घातलेला तो बिचारा मधोमध. निघायच्या आधी चाळीच्या अंगणात मामाचं गाऱ्हाणं व्हायचं. आमच्या मालवणी माणसाचं कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकानं देवाला मोठ्यानं साकडं घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. मामाचा आवाज असा होता की समोरच्या इमारतीतले लोकही खिडकीतून ‘होय म्हाराजा’ म्हणायचे.

आणि मग विमानतळ आमच्या गावाकडेच येणार अशी बातमी आली. गावाच्या वर कातळाचं सपाट पठार आहे, त्याला आमच्याकडे सडा म्हणतात. तिथे मामाची आणि त्याच्या धाकट्या भावाची, तातूमामाची, काजूची बाग होती. तातूमामा गावीच राहिलेला. त्यानं ती बाग कावडीनं पाणी घालून जगवली होती. बागेच्या कडेला जागा राखणाऱ्या देवाची, राखणदाराची, पाषाणी म्हणजे दगड होता, त्याला तो दर वर्षी कोंबडा द्यायचा. त्याला जमीन द्यायची नव्हती. पण आबामामा मुंबईहून गेला आणि गावच्या सभेत उभा राहिला. “आज गावाक कोण गेलो तर मुंबैच्या माणसाक तोंड बघूक गावना नाय. इमान झाला तर सकाळी निघतला तो दुपारी घरात. आमची जमीन घेवा.” थोरल्यानं चारचौघांत शब्द दिला, धाकटा काय बोलणार? त्यानं मुकाट्यानं सही केली आणि त्या दिवसापासून थोरल्या भावाशी बोलणं टाकलं.

टाकलं म्हणजे टाकलंच. गणपतीला मामा दर वर्षी गावी जायचा. एकाच घरात, एकाच गणपतीपुढे दोघं आरतीला उभे राहायचे, पंगतीला शेजारी बसायचे, आणि तातूमामा बायकोला म्हणायचा, “तेंका भात होयो काय विचार.” आम्ही भाचरं सुरुवातीला हसलो. मग हसू येईना. त्यात विमानाचा पत्ता नाही! धावपट्टी झाली, भिंत झाली, पण वर्षामागून वर्षं गेली तरी सड्यावर कावळ्याशिवाय काही उतरलं नाही. गावातले लोक मामाला बघून मुद्दाम आभाळाकडे बघायचे. मामा तिथे हसण्यावारी न्यायचा. पण लालबागला परत आल्यावर एकदा मला म्हणाला, “माझी बहीण असती तर तिनं समेट केला असता गो.” माझी आई तोवर गेली होती. ती मुंबईत गेली, तिचं तोंड गावच्या माणसांना बघायला मिळालं नव्हतं, आणि त्याआधी आजी गावी गेली तेव्हा तिलाही आपल्या आईचं मिळालं नव्हतं. मामाच्या डोक्यात ते विमान कुठून शिरलं, हे मला तेव्हा कळलं.

अखेर विमान सुरू झालं. मामा तोवर रिटायर होऊन घरी बसलेला, गुडघे गेलेले, मामी गेलेली. गणपतीला मी त्याच्यासोबत निघाले. जन्मभर विमानांत सामान चढवणारा माणूस पहिल्यांदाच विमानात बसत होता. आणि तपासणीच्या यंत्रावर त्याचीच पिशवी अडकली, कारण आत नारळ. मी कपाळाला हात लावला. “अहो मामा, तुम्हीसुद्धा?” मी त्याला एरवी ‘तू’ म्हणते, चिडले की ‘अहो’वर जाते. तो ओशाळला. “घरच्या गणपतीक रिकाम्या हातान कसा जावचा?” नारळ तिथेच राहिला. विमान सड्यावर उतरलं. शिडीवरून खाली आल्यावर मामा तसाच उभा राहिला, उन्हात, इकडेतिकडे बघत. आपली बाग नेमकी कुठे होती ते त्याला ओळखता येईना. सगळीकडे डांबर. माझा हात धरून म्हणाला, “तातून कसा सोसल्यान असात गो...” बाहेर घ्यायला सुनील आला होता, तो काही वर्षांपूर्वीच गावी स्थायिक झालेला. तातूमामा नव्हता.

संध्याकाळी आरती झाली. गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्याचा. मामा पुढे झाला. नेहमीचं सगळं झालं, पोराबाळांक सुखी ठेव, चाकरमान्यांक सुखरूप ने, प्रत्येकाला आमचं ‘होय म्हाराजा’. मग तो थांबला, आणि त्याच मोठ्या आवाजात म्हणाला, “धाकट्या भावाचा ऐकान न घेता ह्या लेकरान सड्यावरची बाग दिल्यान, ती चूक पदरात घे रे म्हाराजा.” थोरल्या माणसानं चूक केली, याला होय कोण म्हणणार? मी खाली मान घालून उभी. गणपतीपुढची समई फुरफुरत होती. आणि मागून, दाराजवळून, तातूमामाचा आवाज आला. “होय म्हाराजा.” थोड्या वेळानं पंगत बसली तेव्हा तो मामाच्या पानाकडे बघून म्हणाला, “भात घे.”

मामा त्यानंतर लालबागला राहायला आलाच नाही. चाळीतली खोली बंद करून गावीच राहिला. फोन केला की दोघंही खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसलेले असायचे, खुर्चीला खुर्ची लावून.

मामा गेला त्या दिवशी विमान उशिरा सुटलं. मी खिडकीशी बसून घड्याळ आणि खालचा समुद्र आलटून पालटून बघत होते. दिवस मावळायच्या आत नेतात आमच्याकडे. मला वाटलं, झालं, आमच्या घरातल्या बायकांच्या नशिबी हेच. घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अंगण माणसांनी भरलेलं. मामा तसाच, ओटीवर. सुनीलनं मला बाजूला घेऊन सांगितलं की माणसं दुपारपासून घाई करत होती, भटजीही रागावले. तातूकाका उंबऱ्यात बसून राहिला आणि कुणाला आत जाऊ दिलं नाही. “इमान उतरल्याबिगर आबाक कोणी हात लावचो नाय,” एवढंच म्हणत होता. मी मामाचं तोंड बघितलं. डोळे मिटलेले, दाढी नीट केलेली. तातूमामानंच केली होती. मी त्याच्याकडे बघितलं तर म्हणाला, “बघलंस मा? आता उचलूया.”

आता काही आठवडे झाले. अधूनमधून दुपारी तातूमामाचा फोन येतो. तो बोलका माणूस नव्हे. पलीकडे आधी नुसती घरघर ऐकू येते, ती विरते, मग तो म्हणतो, “इला गो.” आणि फोन ठेवतो. सुनील म्हणाला, रोज विमान घरावरून गेलं की ‘इला’, आलं, असं तो बाबांना सांगायचा. बाबांना शेवटी शेवटी विमानाचा आवाज ऐकायला येत नव्हता.