परत फोन करू नका

डेल्फिया स्लोनला आमच्या खोऱ्यात सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. बाई शाळेची बस चालवायची. वय सदतीस, मेडिकलचा अर्ज करून दोनदा तोंडावर आपटलेली, आणि आता तिसऱ्यांदा हात धुऊन त्याच्या मागे लागलेली. बस डेपोतला मेकॅनिक व्हर्जिल रोज सकाळी विचारायचा, “काय डॉक्टरीणबाई, आज कुणाचं पोट फाडायचं?”

“तुझंच. आत काय काय दडपलंयस ते गावाला एकदा बघू दे,” असं म्हणून ती हसायची. पण तिला ते लागायचं. का नाही लागणार?

सगळा घोळ जुन्या मार्कांचा. एकोणिसाव्या वर्षी ती शहरातल्या विद्यापीठात शिकायला गेली. घरातून तिथवर पोचलेली पहिलीच. तिथे बाईसाहेबांना मोटारींच्या शर्यतीत धुरळा उडवणारा एक पोरगा भेटला. वर्ग बुडाले, आणि अर्ध्या सत्रात गाशा गुंडाळून ती घरी आली. निघताना ऑफिसात जाऊन रीतसर नाव काढून घ्यायचं असतं, हे तिला कोण सांगणार? आमच्याकडे काम सोडायचं म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी जात नाही, झालं. तिचं नाव तसंच राहिलं आणि ती सगळ्या विषयांत नापास झाली.

तिशीनंतर तिने जवळच्या छोट्या कॉलेजात एकेक विषय घेत रसायनशास्त्र, जीवशास्त्र, सगळं पुन्हा केलं. सकाळ-दुपार बस, मधल्या वेळात वर्ग. मार्क असे काढले की बघत राहावं. पण मेडिकलवाल्यांच्या हिशेबात जुनं काही पुसलं जात नाही हो. नवं-जुनं एकत्र घोटून सरासरी काढतात, आणि त्या पोरीच्या मूर्खपणाची किंमत ही बाई अजून मोजत होती.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते वडिलांमुळे. अर्ल स्लोनचं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं आणि कोळसा त्याच्या फुफ्फुसांत जाऊन बसला. नाकाला कायमची प्राणवायूची नळी. आमच्या दवाखान्यात नवा डॉक्टर यायचा, दोन हिवाळे काढायचा आणि शहराकडे पळायचा. मग अर्लने पुढच्याला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची. डेल्फिया म्हणायची, “मी डॉक्टर झाले ना, तर इथून हलणार नाही. हलवून दाखवा.”

यंदा डोंगरापलीकडच्या मेडिकल कॉलेजने तिला मुलाखतीला बोलावलं आणि प्रतीक्षा यादीत टाकलं. वर्ग सोमवारी सुरू होणार होते. शुक्रवार उजाडला तेव्हा ती यादीत पहिली होती. कुणी जागा सोडली तर फोन येणार, आणि ऑफिस बंद होईपर्यंत नाही आला तर हेही वर्ष गेलं.

बस चालवताना मोबाइलला हात लावायचा नाही हा नियम, आणि आमच्या घळींमध्ये रेंज तरी कुठे असते? म्हणून तिने अर्जात घरचाही नंबर दिला होता. अर्लला मात्र त्यातलं काही सांगितलं नव्हतं. दोनदा त्याच्यासमोर रडून झालं होतं, तिसऱ्यांदा त्याला आशेला लावायला तिचा जीव धजेना.

दुपारी शेवटचं पोर उतरवून ती घरी आली, तर अर्ल ओसरीवर खुशीत बसलेला.

“आज एकीला असं झाडलं, डेल! जन्मात विसरणार नाही.”

“कुणाला?”

“त्याच त्या भामट्यांपैकी. कंबरदुखीचे पट्टे विकणारे, विमा विकणारे. मेडिकल-फेडिकल म्हणाली, तुमच्या मुलीसाठी जागा आहे म्हणाली, उत्तर आजच पाहिजे म्हणाली. आजच! सगळ्यांचं तेच असतं बघ. म्हटलं, आम्हाला काही नको, आमच्या पोरीलाही नको, परत फोन करू नका. आणि आपटला.”

डेल्फिया पायरीवर बसली.

“डॅडी,” ती म्हणाली, “ते कॉलेज होतं.”

अर्लला आता काय बोलावं? आमच्याकडे अनोळखी नंबर म्हणजे वसुलीवाला नाहीतर लुच्चा. प्रत्येक घरात त्याला असंच झाडतात. अर्लने वेगळं काय केलं होतं?

तिने आत धाव घेऊन कॉलेजचा नंबर फिरवला. पलीकडे प्रवेश ऑफिसातली लोरेन होती, मुलाखतीच्या दिवशी तिला पाणी आणून देणारी.

“अगं बाई, तुझ्या वडिलांनी तर स्पष्ट नाही सांगितलं! मी पुढच्या मुलीला जागा देऊ केलीय. ती मोबाइल उचलत नाहीये, तिच्या घरीही दोनदा निरोप ठेवलाय. थांब, डीनना विचारते.” बराच वेळ नुसती खरखर. मग ती परत आली. “ऑफिस बंद होईपर्यंत तिचं उत्तर आलं तर जागा तिची. नाही आलं किंवा नको म्हणाली, तर तुझी. पण सही करायला तू इथे हवीस.”

“निघालेच.”

“मी येतो,” अर्ल सिलिंडर उचलत म्हणाला.

“तुम्ही कशाला? वाटेत श्वास लागला तर?”

“घोळ मी घातलाय. तोंड मीच दाखवणार.”

डोंगराच्या वळणांवरून तिने ती जुनी पिकअप कशी हाकली, तिचं तिला माहीत. पुढे कोळशाचा ट्रक, ओलांडायला जागा नाही. ती स्टिअरिंगवर मुठी आपटत होती. अर्लने एकदाच तोंड उघडलं, “हळू गं.” त्या क्षणी तिला बापाचा असा राग आला होता की बोलली असती तर तोंडातून नको ते गेलं असतं.

पोचली तेव्हा ऑफिस उघडं होतं. लोरेनने नुसती मान हलवली. म्हणजे अजून उत्तर नाही. दोघं बापलेक भिंतीच्या खुर्च्यांवर बसले, समोर टेबलावरचा फोन. वाजू नको रे बाबा, वाजू नको. डेल्फियाने आयुष्यात कधी इतक्या मनापासून प्रार्थना केली नव्हती. अर्लच्या नळीची फुसफुस तेवढी चालू होती.

फोन वाजला. कुणाला तरी गाडी कुठे लावायची ते विचारायचं होतं.

लोरेन टेबल आवरू लागली, पर्स घेतली, आणि फोन पुन्हा वाजला. पलीकडून एक बाई इतकी कडाडली की लोरेनने रिसीव्हर कानापासून लांब धरला. खोलीभर ऐकू आलं.

“कोण आहात हो तुम्ही? दुपारपासून मशीनवर तुमचेच निरोप! काय ती जागा आणि काय ते आजच्या आज! आम्हाला नकोय, आमच्या मुलीला नकोय! परत फोन केलात तर बघा!”

खाडकन फोन बंद झाला.

लोरेनने सुस्कारा सोडला. “झालं तर. त्यांचं नको. ये गं, सही कर.” तिने कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. तिचेही डोळे भरून आले होते, चांगली बाई होती.

डेल्फिया उठली. पेन उचललं. तो आवाज पोरीचा नव्हता, आईचा होता. तिला ते पक्कं कळलं होतं. तिने कागदावर सहीची जागा शोधली.

“बाई, थांबा जरा,” अर्ल म्हणाला.

डेल्फियाने मागे वळून पाहिलंच नाही.

“ते उत्तर त्या पोरीचं नव्हतं. तिकडे माझ्यासारखंच कुणीतरी बसलंय. तुम्ही पोरीलाच विचारा.”

“मिस्टर स्लोन, तिचा मोबाइल लागत नाहीये.”

“एकदा अजून लावा.”

लोरेनने डेल्फियाकडे पाहिलं. डेल्फिया पेन धरून तशीच उभी, ना हो म्हणाली, ना नाही. लोरेनने नंबर फिरवला. बराच वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला. धाप लागलेला तरुण आवाज. पोरगी वृद्धाश्रमात कामाला होती, नुकतीच कामाची पाळी संपवून बाहेर आली होती. लोरेनने दोन वाक्यं सांगितली आणि पलीकडून अशी किंकाळी आली, अशी आनंदाची किंकाळी, की ती थांबेचना.

लोरेनने कागद हळूच मागे ओढून घेतला. डेल्फियाने पेन टेबलावर ठेवलं.

पिकअपमध्ये बसल्यावर तिचा बांध फुटला. “दुपारी एकदा माझी जागा घालवलीत! पुरलं नाही? संध्याकाळी परत घालवलीत! काय वाईट केलंय हो मी तुमचं, डॅडी? कोण लागते ती तुमची?” ती रडत होती, ओरडत होती, आणि चावी काही केल्या लागत नव्हती.

अर्लने तिला बोलू दिलं. त्यालाही बोलायला दम गोळा करावा लागत होता. त्याच्याही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

“दुपारी चुकलो मी, पोरी,” तो म्हणाला. “त्याची माफी मरेपर्यंत मागेन. संध्याकाळी नाही चुकलो.”

ते उत्तर त्या पोरीचं नाही, हे शब्द ऑफिसात डेल्फियाच्याही जिभेवर आले होते, बापाच्या आधी, आणि तिने ते गिळले होते. अर्लने ते पाहिलं होतं. ते तो कधीच बोलून दाखवणार नाही, हेही तिला माहीत होतं.